ॲपवर टॅक्सी चालवताना: गाडीचा पैसा, घरचा पैसा आणि दिवसाचे तास

ऑक्टोबर २०२१ मध्ये चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडून मी कर्जावर सीएनजी गाडी घेतली आणि पुण्यात ॲपवर टॅक्सी चालवू लागलो. कंपनीत हातात १९ हजार रुपये येत होते. गाडीच्या दुसऱ्याच महिन्यात खात्यावर ६५ हजार जमा झाले, तेव्हा आपली कमाई तिपटीहून वाढली असे मी घरी सांगितले आणि त्याच हिशेबाने खर्चही वाढवला. डिसेंबर २०२२ मध्ये ५६ हजार किलोमीटर झाल्यावर वारज्याच्या उड्डाणपुलावर क्लच गेला. पुढचे दोन टायर त्याच आठवड्यात बदलावे लागले. बिल १८ हजारांचे झाले आणि माझ्याकडे चार हजारही नव्हते. ओळखीच्या माणसाकडून शेकडा पाच रुपये महिना व्याजाने पैसे उचलले आणि ते फेडायला सात महिने लागले.

त्या सात महिन्यांत एक गोष्ट समजली. खात्यावर जमा होणारी रक्कम आधी गाडीची असते, आणि गाडीचे देणे दिल्यावर जे उरते तेवढीच आपली कमाई. खालचा सगळा लेख या एका गोष्टीभोवती आहे. उदाहरणे चारचाकी टॅक्सीची असली, तरी दुचाकीवर डिलिव्हरी करणाऱ्यांना आकडे बदलून हीच पद्धत वापरता येईल.

१. कागदपत्रे आणि त्यांच्या तारखा

सुरुवात कागदांपासून करावी, कारण एकाही कागदाची मुदत संपली की ॲपवरचे खाते बंद पडते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- आरसी, टुरिस्ट परमिट आणि फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ‘पासिंग’ म्हणतो ते
- व्यावसायिक वापराचा विमा आणि पीयूसी
- लायसन्स, प्रवासी गाडी चालवण्यासाठीचा बॅज आणि पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
- पॅन, आधार, बँकेचे पासबुक आणि कर्जाच्या हप्त्यांचे वेळापत्रक
- सीएनजी सिलिंडरच्या चाचणीचे प्रमाणपत्र

नव्या व्यावसायिक गाडीचे पासिंग पहिली दोन वर्षे चालते. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. सीएनजी सिलिंडरची हायड्रो-टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी चाचणी, दर तीन वर्षांनी असते, ती गाडी कंपनीतूनच सीएनजी आली असली तरी चुकत नाही. या सगळ्या तारखा एका कागदावर लिहून तो सन व्हायझरच्या मागे लावावा आणि प्रत्येक तारखेच्या एक महिना आधीची आठवण मोबाइलमध्ये घालावी. पासिंगला गाडी नेण्याचा दिवस आपण निवडला तर एका दिवसाचा धंदा बुडतो. तारीख उलटल्यावर धावपळ केली तर आठवडा जातो.

विम्याबाबत दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक म्हणजे खासगी वापराच्या पॉलिसीवर भाडे मारणे. अपघात झाला की कंपनी गाडीचा वापर तपासते आणि दावा नाकारते. दुचाकीवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांमध्ये ही चूक मी सर्वाधिक पाहिली आहे. दुसरी चूक म्हणजे नूतनीकरण लांबवणे. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर इतक्या वर्षांत साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

२. गाडीचा किलोमीटरमागचा खर्च काढा

हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर उभे राहतात, म्हणून ते गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात करावे. मी माझे गणित मांडतो. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, रीत मात्र हीच राहील.

समजा गाडी महिन्यात २५ दिवस, दररोज १६० किलोमीटर, म्हणजे ४,००० किलोमीटर चालते. शहरातल्या वाहतुकीत ती किलोमागे २२ किलोमीटर देते आणि गॅसचा दर ९० रुपये किलो आहे. मग गॅसचा खर्च किलोमीटरला सुमारे ४ रुपये ९ पैसे पडतो. चार टायरना १६ हजार लागतात आणि ते ४० हजार किलोमीटर चालतात, म्हणजे ४० पैसे. दर दहा हजार किलोमीटरला पाच हजारांची सर्व्हिसिंग धरली तर ५० पैसे. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन आणि बॅटरी यांसाठी मी ६० पैसे धरतो, आणि नवी गाडी असली तरी धरतो, कारण झीज पहिल्या दिवसापासून सुरू असते, बिल फक्त उशिरा येते. या चार आकड्यांची बेरीज ५ रुपये ५९ पैसे. याला मी ‘चालता खर्च’ म्हणतो, कारण गाडी उभी असेल तर तो होत नाही.

गाडी उभी असली तरी होणारा खर्च वेगळा आहे. वर्षाचा विमा ३६ हजार, म्हणजे वर्षाच्या ४८ हजार किलोमीटरांवर ७५ पैसे. परमिट, पासिंग, पीयूसी आणि सिलिंडर चाचणी मिळून वर्षाला सहा हजार, म्हणजे साधारण १३ पैसे. कर्जाचा हप्ता १४ हजार, म्हणजे साडेतीन रुपये. सगळे मिळून ९ रुपये ९७ पैसे होतात. मी सरळ दहा रुपये धरतो.

आता दिवसाचा हिशेब पाहा. कमिशन वजा होऊन २,६०० रुपये मिळाले आणि मीटर १६० किलोमीटर पुढे सरकले, तर गाडीचे १,६०० आणि आपले १,०००. महिन्याला खात्यावर ६५ हजार दिसतात, त्यांतले घरचे २५ हजार. माझे ‘तिपटीहून’ कुठे गेले, ते मला हा हिशेब वहीत मांडल्यावर दिसले.

येथे सावध राहण्याची जागा अशी की ॲपवर दिसणारे अंतर फक्त भाड्याचे असते. त्या १६० किलोमीटरांपैकी भाड्याचे ११० असतात. उरलेले ५० किलोमीटर ग्राहकाला घ्यायला जाण्यात, गॅसच्या पंपावर जाण्यात आणि रात्री रिकामे घरी परतण्यात जातात. गाडी मात्र त्या ५० किलोमीटरांचेही दहा रुपये घेते. म्हणून नोंद ॲपवरची करू नये, सकाळ-संध्याकाळ मीटरवरची करावी. लांबचे भाडे स्वीकारतानाही परतीचा विचार आधी करावा. पुण्याहून मुंबई विमानतळाचे भाडे मोठे दिसते, पण तिकडून परतीचे भाडे मिळेपर्यंत चार तास थांबावे लागले किंवा रिकामे यावे लागले, तर दोन्ही बाजूंचे किलोमीटर आणि द्रुतगती महामार्गाचा दोन वेळचा टोल एकाच भाड्यातून निघायला हवा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला, तेवढी एक बाब आता सोपी झाली आहे.

३. दोन खाती उघडा

एक खाते गाडीचे, एक घरचे. ॲपचे पैसे गाडीच्या खात्यावर यावेत, हप्ता त्यातूनच कापला जावा आणि गॅसही त्याच खात्याच्या कार्डावर भरावा. रात्री गाडी लावल्यावर मीटर पाहून त्या दिवसाचे किलोमीटर गुणिले दहा एवढी रक्कम गाडीच्या खात्यात ठेवावी आणि उरलेली घरच्या खात्यावर पाठवावी. धंदा मंद असेल त्या दिवशीही गाडीचा वाटा पूर्णच काढावा, कारण त्या दिवशी टायर काही कमी झिजलेले नसतात.

वरच्या उदाहरणात महिन्याला ४० हजार गाडीच्या खात्यात जातात. गॅस आणि हप्ता वजा जाता तेथे साडेनऊ हजारांच्या आसपास शिल्लक राहते. पहिल्या काही महिन्यांत ही रक्कम फुकट पडून आहे असे वाटते आणि घरातल्या अडचणीला त्यातून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. विम्याचा हप्ता, टायर आणि सर्व्हिसिंग यांना ती आधीच बांधलेली आहे. माझ्या खात्यात त्या काळी अशी शिल्लक असती, तर तो क्लच एका दुपारचे काम होता.

भिशी लावणाऱ्यांनी भिशीचा पैसा घरच्या खात्यातून द्यावा, गाडीच्या नव्हे.

४. रोख भाड्यांचा हिशेब त्याच दिवशी मिटवा

रोख भाड्यात ग्राहक पूर्ण रक्कम आपल्या हातात देतो आणि ॲपचे कमिशन आपल्या नावावर देणे म्हणून चढते. खिशात दोन हजार असतात, त्यांतले काहीशे आपले नसतात, आणि आठवड्याअखेरीस ॲपवर उणे रक्कम दिसली की नवा माणूस गोंधळतो. ग्राहकाने वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवले तरी हेच होते. रोज रात्री ॲपवरचे देणे पाहून ते भरून टाकावे. देणे ठरावीक मर्यादेपुढे गेले की भाडी येणे थांबते, आणि ते नेमके गर्दीच्या वेळी लक्षात येते.

काही ॲप आता कमिशनऐवजी दिवसाची किंवा आठवड्याची ठरावीक फी घेतात. दिवसभर गाडी चालवणाऱ्याला ती पद्धत बहुधा स्वस्त पडते. अर्धाच दिवस चालवणाऱ्याने मात्र फी भरण्याआधी किती भाड्यांत ती वसूल होईल ते मोजावे. इन्सेंटिव्हचेही, म्हणजे ठरावीक ट्रिपा पूर्ण केल्यावर ॲप देते त्या बक्षिसाचेही, तसेच. शेवटच्या दोन ट्रिपांसाठी रात्री तीस किलोमीटर रिकामे फिरलात, तर बक्षिसातले तीनशे रुपये गाडीनेच घेतले असे समजा.

टोल, पार्किंग आणि ई-चलान यांची नोंदही याच वेळी करावी. चलान कधी झाले ते आपल्याला कळतेच असे नाही. महिन्यातून एकदा महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहावे, म्हणजे वर्षभराचे दंड एकदम समोर येत नाहीत.

५. दिवसाचे तास तीन भागांत मोजा

पैशांइतकाच वेळेचाही हिशेब लागतो, आणि तो घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतचा लागतो. ॲप चालू असलेले तास मोजले, तर गॅसच्या रांगेतला पाऊण तास आणि विमानतळाजवळ एरोमॉलला भाड्याची वाट पाहण्यातला तास निसटतो.

माझ्या वहीतले एक पान येथे देतो. वार मंगळवार. सकाळी सहा ते अकरा: ६२ किलोमीटर, १,१५० रुपये. अकरा ते दुपारी चार: ३८ किलोमीटर, ४८० रुपये. चार ते रात्री आठ: ६० किलोमीटर, ९७० रुपये. एकूण १६० किलोमीटर, २,६०० रुपये, १४ तास. गाडीचे १,६०० बाजूला काढल्यावर माझे हजार, म्हणजे तासाला ७१ रुपये.

दुपारच्या पाच तासांकडे नीट पाहा. दुपारी गाडी चालवावी की नाही हे ठरवताना हप्ता आणि विमा मध्ये आणू नयेत, कारण ते कसेही द्यायचेच आहेत. येथे फक्त चालता खर्च मोजावा. ३८ किलोमीटरांचे ५ रुपये ५९ पैशांनी २१२ रुपये होतात. ४८० मधून ते गेले की २६८ उरतात, म्हणजे उन्हात, वाहतुकीत बसून तासाला ५४ रुपये. त्या पाच तासांत मी घरी जेवलो, दीड तास झोपलो आणि पंपावर रांग नसताना गॅस भरला, तर संध्याकाळची पाळी ताज्या डोळ्यांनी सुरू होते.

मी दुपार सोडली. त्यामुळे महिन्याला साडेसहा हजारांच्या वर कमाई कमी झाली, हे लपवत नाही. पहाटे पाचला निघून लोहगाव विमानतळाची एक फेरी वाढवली, तेव्हा त्यातले साधारण निम्मे परत मिळाले. राहिलेल्या निम्म्याच्या बदल्यात मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरी असतो, आणि हा सौदा मला मान्य आहे. ज्याचा हप्ता मोठा आहे त्याला कदाचित तो परवडणार नाही. त्याने तरी निदान आठवडाभर हे तीन भाग वहीत मांडून, आपला सर्वांत हलका भाग कोणता ते शोधावे. हिंजवडीच्या आसपास राहणाऱ्याचा हलका भाग आणि स्टेशनजवळ राहणाऱ्याचा हलका भाग एक नसतो.

केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालकाने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉग-इन राहू नये आणि त्यानंतर दहा तासांची विश्रांती घ्यावी, असे म्हटले होते, आणि हे १२ तास सगळ्या ॲपचे मिळून धरायचे होते. एक ॲप बंद झाले की दुसरे चालू करणारे अनेकजण मला माहीत आहेत. त्यांना मी कळकळीने सांगतो की पहाटे तीन ते पाच या वेळात डुलकी लागली हे आपल्याला डुलकी संपल्यावर कळते. डोळे जड झाले तर भाडे रद्द करा, रेटिंग गेले तर जाऊ द्या. पाण्याची बाटली आणि वेळेवर लघवीला जाणे यांची टाळाटाळही करू नका. पंपांवर आणि मॉलच्या तळमजल्यांवर स्वच्छतागृहे कुठे आहेत, त्यांची यादी मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

६. वर्षाचे वेळापत्रक

गणेश विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता बंद असतात, पालखी येते तेव्हा शहराचा मोठा भाग अडतो. या दिवसांत मध्यवस्तीत शिरू नये. सर्व्हिसिंग आणि पासिंगची कामे याच दिवसांच्या आसपास उरकावीत. टायर आणि वायपर मात्र मे महिन्यातच पाहावेत.

७. आयकर विवरणपत्र भरा

‘आपल्याला कर लागत नाही, मग विवरणपत्र कशाला’ हा सर्वांत महागात पडणारा समज आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी गृहीत उत्पन्नाची योजना आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एडी म्हणून ओळखली जाते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. या योजनेत डिजिटल जमेच्या किमान ६ टक्के आणि रोख जमेच्या किमान ८ टक्के उत्पन्न दाखवता येते आणि सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. छोटा टेम्पो मालवाहतुकीला लावणाऱ्यांसाठी वेगळी योजना आहे, तिच्यात हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात.

दोन ठिकाणी चूक होते. जमा म्हणजे ग्राहकाने दिलेले पूर्ण भाडे, कमिशन कापून हातात आलेली रक्कम नव्हे. आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता असतो, त्या फॉर्म २६एएस मध्ये ॲपने कळवलेला आकडा पाहून तो जुळवावा. वर्षाची जमा पाच लाखांच्या वर गेली की ॲप ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. साडेनऊ लाखांवर ती रक्कम ९५० रुपये होते आणि विवरणपत्र भरल्यावर परत मिळते. पॅन किंवा आधार दिलेले नसेल तर ५ टक्के कापले जातात, म्हणून ॲपच्या प्रोफाइलमधला पॅन आजच तपासा.

दुसरी चूक अधिक नुकसान करते. एजंट ‘सहा टक्केच दाखवू’ म्हणतो आणि वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत दिसते. पुढे घरासाठी किंवा दुसऱ्या गाडीसाठी बँकेत गेल्यावर त्याच आकड्यावर कर्ज नाकारले जाते. ६ टक्के ही किमान मर्यादा आहे, प्रत्यक्ष उत्पन्न जास्त असेल तर जास्तच दाखवायचे असते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे वर्षाचे तीन लाख खरेखुरे दाखवण्यात काहीच जात नाही.

८. आजारपण आणि अपघात यांची तरतूद

आपल्याला पगारी रजा नाही. म्हणून घरच्या खात्यातून दोन महिन्यांचा घरखर्च आणि दोन हप्ते एवढी रक्कम हळूहळू मुदत ठेवीत साठवावी. त्याखेरीज बँकेतून मिळणारे दोन स्वस्त विमे तरी घ्यावेत: वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी सुरक्षा विमा योजना, आणि १८ ते ५० वयोगटासाठी ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा देणारी जीवनज्योती योजना. खात्यावर शिल्लक नसल्याने हप्ता कापला गेला नाही की संरक्षण थांबते, आणि बँकेचा तो संदेश आपण वाचलेला नसतो. मे महिन्यात शिल्लक ठेवावी. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, तेही पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून वाचावे.

असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी मोफत होते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या, म्हणजे आपल्यासारख्या ॲपवर काम करणाऱ्यांच्या, सुरक्षा निधीत भरण्याची तरतूद आहे. त्या निधीतून जे मिळायचे ते नोंदणी असलेल्यांनाच मिळेल, तेव्हा आधारशी जोडलेला मोबाइल हातात घेऊन हे काम एखाद्या दुपारी उरकावे. नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्या कोणत्याही एजंटाला देऊ नका.

९. कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला म्हणजे काम संपले असे नाही. बँकेकडून ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवून घ्यावा. ही कागदपत्रे कपाटात तशीच राहिली, तर गाडी विकताना गिऱ्हाईक समोर उभे असते आणि आपण बँकेत चकरा मारत असतो. रात्रीचा दहा रुपयांचा हिशेबही बदलू नये. किलोमीटरमागचे साडेतीन रुपये हप्त्यातून मोकळे झाले तरी ते गाडीच्या खात्यातच जमू द्यावेत. महिन्याला १४ हजार याप्रमाणे दोन वर्षांत ३ लाख ३६ हजार होतात, आणि पुढच्या गाडीचे डाउन पेमेंट त्यातून भरले की नवा हप्ता सुरुवातीपासूनच लहान बसतो.